नेत्र-ॲलर्जीवरील औषधी थेंबांचा सुरक्षित वापर : स्टेरॉइडयुक्त थेंबांच्या विशेष संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मानवी ज्ञानेंद्रियांमध्ये डोळ्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. बाह्य जगाचे बहुतांश ज्ञान आपणांस दृष्टीच्या द्वारे होते. तरीही डोळ्यांच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींकडे समाजात पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. डोळ्यांना खाज सुटणे, पाणी येणे, लाली येणे या तक्रारी उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा धुळीच्या दिवसांत अनेक घरांतून ऐकू येतात. अशा वेळी घरातील जुनी बाटली शोधणे, शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडलेले थेंब मागून आणणे किंवा थेट औषधाच्या दुकानात जाऊन 'डोळ्यांचे काहीतरी द्या' असे सांगणे हा सर्रास प्रघात आहे. थेंब घातले की दोन दिवसांत लाली ओसरते आणि प्रश्न मिटला असे वाटते.

वस्तुतः अनेकदा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ॲलर्जीवर सर्वांत जलद आराम देणारे जे थेंब आहेत, तेच देखरेखीविना वापरल्यास दृष्टीला सर्वाधिक घातक ठरू शकतात. त्यांच्यामुळे होणारी हानी दुखत नाही, खुपत नाही व आरशात दिसत नाही. त्यामुळे 'त्रास होत नाही, म्हणजे औषध मानवले' हे रुग्णाचे अनुमान येथे फसवे ठरते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे स्पष्टीकरण करून थेंबांच्या सुरक्षित वापराची दिशा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) नेत्र-ॲलर्जीचे स्वरूप व तिचे प्रमुख प्रकार समजावून देणे.
२) ॲलर्जीवरील औषधी थेंबांचे वर्ग व त्यांतील भेद स्पष्ट करणे.
३) स्टेरॉइडयुक्त थेंबांच्या अनियंत्रित वापराचे परिणाम मांडणे.
४) थेंब घालण्याची व बाटली हाताळण्याची योग्य पद्धत सांगणे.

नेत्र-ॲलर्जीचे स्वरूप :

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंपासून आपले रक्षण करते. काही व्यक्तींमध्ये मात्र ही यंत्रणा परागकण, घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म कीटक, बुरशीचे बीजाणू, पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा अशा निरुपद्रवी पदार्थांनाही शत्रू समजते व त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' या प्रकारची प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. पापण्यांच्या आतील बाजूस व डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ, ओलसर पडदा असतो, त्यात मास्ट पेशी फार मोठ्या संख्येने असतात. तोच पदार्थ पुन्हा डोळ्यात गेला की या पेशी फुटल्यागत रिकाम्या होतात आणि त्यांतून हिस्टामीन व इतर दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात. हिस्टामीनमुळे खाज सुटते, रक्तवाहिन्या रुंदावून लाली येते व पापण्या सुजतात. काही तासांनंतर इतर पेशी तेथे जमतात आणि दाह लांबतो. डोळे चोळल्याने मास्ट पेशींवर यांत्रिक आघात होऊन आणखी हिस्टामीन सुटते. म्हणूनच चोळल्यावर क्षणभर बरे वाटते आणि नंतर खाज अधिकच वाढते.

नेत्र-ॲलर्जीचे प्रकार साधारणतः पुढीलप्रमाणे मानले जातात. ठरावीक ऋतूत होणारी हंगामी ॲलर्जी व बारमाही ॲलर्जी हे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात; ते त्रासदायक असले तरी सहसा दृष्टीला धोका पोहोचवत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दीर्घ वापराने पापणीच्या आतील बाजूस मोठ्या पुळ्या येणे हा आणखी एक प्रकार होय. त्वचेच्या ॲलर्जीबरोबर प्रौढांमध्ये दिसणारा प्रकार चिवट असतो. आपल्याकडील मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे 'व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस'. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख 'वासंतिक नेत्रदाह' असा केला आहे.

वासंतिक नेत्रदाह उष्ण व कोरड्या हवामानाच्या प्रदेशांत अधिक आढळतो. तो मुलींपेक्षा मुलांना अधिक होतो, बहुधा पहिल्या दशकात सुरू होतो आणि पौगंडावस्थेनंतर बहुतेकांमध्ये आपोआप शमतो. असह्य खाज, प्रकाश सहन न होणे, तारेसारखा चिकट स्राव आणि वरच्या पापणीच्या आत फरशीसारख्या दिसणाऱ्या पुळ्या ही त्याची लक्षणे होत. नावात वसंत असला तरी आपल्याकडे तो पुष्कळदा वर्षभर रेंगाळतो. आजाराची ही वर्षानुवर्षांची वाटचाल ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण इतका दीर्घ काळ कोणते थेंब घातले जातात यावर त्या मुलाच्या दृष्टीचे भवितव्य अवलंबून असते.

'डोळे येणे' आणि ॲलर्जी यांतील भेद :

सामान्य व्यवहारात लाल डोळ्याला सरसकट 'डोळे आले' असे म्हटले जाते. परंतु साथीचे डोळे हे बहुधा विषाणूंमुळे येतात आणि एकापासून दुसऱ्यास होतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने अशी मोठी साथ अनुभवली. त्यात पाणी, चिपडे, टोचल्यासारखी भावना ही लक्षणे प्रमुख असतात व पुष्कळदा आधी एक डोळा, नंतर दुसरा असा क्रम दिसतो. जिवाणूंच्या संसर्गात पिवळसर, घट्ट चिपड्यांनी सकाळी पापण्या चिकटतात. ॲलर्जीत मात्र खाज हे मुख्य लक्षण असते, दोन्ही डोळे बहुधा एकदमच त्रस्त होतात, जोडीला शिंका, सर्दी, दमा अथवा त्वचेची खाज असू शकते आणि हा विकार संसर्गजन्य नसतो.

हा भेद केवळ नावापुरता नाही. ॲलर्जीवर प्रतिजैविक थेंबांचा उपयोग होत नाही. उलटपक्षी, नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे डोळा लाल झाला असताना ॲलर्जी समजून स्टेरॉइडचे थेंब घातले, तर संसर्ग भडकून पारपटलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, कायमचा व्रण राहू शकतो. शेतात काम करताना डोळ्यात काडी, भाताचे कूस किंवा उसाचे पाते लागून झालेली जखम ही बुरशीच्या संसर्गाची वाट असते. अशा डोळ्यात परस्पर थेंब घालणे हे विशेष धोक्याचे आहे.

ॲलर्जीवरील थेंबांचे वर्गीकरण :

बाटल्या दिसायला सारख्याच असल्या, तरी त्यांतील औषधांचे कार्य अत्यंत भिन्न असते. त्यांचे वर्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) कृत्रिम अश्रू : ही औषधापेक्षा धावनक्रिया होय. त्यांनी डोळ्यातील परागकण व दाहकारक द्रव्ये विरळ होऊन धुतली जातात.

२) मास्ट पेशी स्थिर करणारे थेंब : सोडियम क्रोमोग्लायकेट हे याचे परिचित उदाहरण. ते मास्ट पेशींना रिकामे होऊ देत नाहीत. त्यांचा पूर्ण प्रभाव दिसण्यास काही दिवस ते दोन आठवडे लागतात. 'चार दिवस घातले, उपयोग नाही' म्हणून ते सोडून देणे ही सर्वसामान्य चूक आहे.

३) दुहेरी कार्य करणारे थेंब : ओलोपॅटाडिन, किटोटिफेन, बेपोटास्टिन, ॲल्काफ्टाडिन, एपिनास्टिन इत्यादी. ते हिस्टामीनला रोखतात आणि मास्ट पेशींनाही स्थिर करतात. काही मिनिटांत आराम व दीर्घकाळ सुरक्षितता या दोन्ही गुणांमुळे सौम्य व मध्यम ॲलर्जीत आज यांनाच प्रथम पसंती दिली जाते. यांतही मात्रेचा भेद लक्षात घ्यावा लागतो. ओलोपॅटाडिन ०.१ टक्के शक्तीचे असेल तर दिवसातून दोनदा आणि ०.२ किंवा ०.७ टक्के असेल तर एकदाच घालावयाचे असते. नाव तेच असले तरी नव्या बाटलीवरील टक्केवारी वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते.

४) लाली घालवणारे थेंब : नॅफाझोलिनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा दाखवतात. मूळ ॲलर्जीवर त्यांचा इलाज नसतो. काही दिवस सलग वापरल्यास औषध थांबताच लाली दुपटीने परतते व रुग्ण थेंबांच्या आहारी जातो. लहान मुलाने ही बाटली तोंडात धरल्यास अत्यल्प प्रमाणातही सुस्ती, नाडी मंदावणे व श्वासोच्छ्वास मंदावणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली याबाबत जाहीर इशारा दिला होता.

५) स्टेरॉइडयुक्त थेंब : डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, फ्लुओरोमिथोलोन, लोटेप्रेडनॉल ही यांतील प्रमुख नावे. दाहाची संपूर्ण साखळीच ते दडपून टाकतात. तीव्र वासंतिक नेत्रदाहात, विशेषतः पारपटलावर व्रण होण्याच्या स्थितीत, ते अपरिहार्य ठरतात.

६) प्रतिकारशक्तीचे नियमन करणारी औषधे : सायक्लोस्पोरिनचे थेंब व टॅक्रोलिमसचे मलम. ही औषधे डोळ्यातील दाब वाढवीत नाहीत, म्हणून स्टेरॉइडवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी ती उपयोगी पडतात. मुलांच्या तीव्र वासंतिक नेत्रदाहासाठी सायक्लोस्पोरिनच्या ०.१ टक्के थेंबांना युरोपमध्ये २०१८ साली व अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. सुरुवातीस होणारी आग व परिणाम दिसण्यास लागणारे काही आठवडे यांची कल्पना पालकांना आधीच दिली, तर उपचार अर्धवट सुटत नाहीत.

या वर्गांतील अंतर किती मोठे आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अमेरिकेत किटोटिफेनचे थेंब २००६ पासून आणि ओलोपॅटाडिनचे थेंब २०२० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी आहे. स्टेरॉइडच्या थेंबांना मात्र ती सवलत मिळालेली नाही. एकाच विकारावरील दोन औषधांबाबतचा हा भेद त्यांच्या संभाव्य हानीतील अंतरातून आला आहे.

स्टेरॉइडयुक्त थेंब : आराम व अपाय

डोळ्याच्या आत पुढील भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि जाळीसारख्या ऊतीतून बाहेर वाहून जातो. या आवक-जावकीच्या संतुलनावर डोळ्यातील दाब ठरतो. सर्वसाधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. स्टेरॉइडमुळे काही व्यक्तींच्या जाळीत बदल होऊन द्रवाचा निचरा मंदावतो व दाब वाढू लागतो. आर्मेली व बेकर या अमेरिकी संशोधकांनी १९६० च्या दशकात याविषयी केलेला अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. चार ते सहा आठवडे स्टेरॉइड थेंब घातल्यास सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींमध्ये दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि सुमारे ४ ते ६ टक्के व्यक्तींमध्ये तो १५ मिलिमीटरांहून अधिक चढतो, असे त्यांतून दिसून आले. लहान मुलांमध्ये ही वाढ अधिक वेगाने व अधिक प्रमाणात होऊ शकते. ज्यांच्या घराण्यात काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांना मोठ्या क्रमांकाचा ऋण चष्मा आहे, अशांनाही धोका जास्त असतो. परंतु कोणाचा दाब वाढेल हे डोळ्याकडे पाहून आधी सांगता येत नाही. ते मोजूनच कळते.

वाढलेला दाब दृष्टिमज्जातंतूचे धागे हळूहळू नष्ट करतो. प्रथम कडेची दृष्टी जाते. समोरचा फळा, पुस्तकातील अक्षरे अखेरपर्यंत दिसत राहतात. त्यामुळे मुलाला व पालकांना शंकाही येत नाही. थोड्या काळाच्या वापराने वाढलेला दाब औषध थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत खाली येतो. दीर्घ वापरानंतर मात्र तो चढलेलाच राहू शकतो. दृष्टिमज्जातंतूचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही उपचाराने भरून येत नाही. याखेरीज स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने भिंगाच्या मागील पृष्ठभागावर मोतीबिंदू धरतो. तो शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.

समजा, आठ वर्षांच्या मुलाला वासंतिक नेत्रदाह झाला. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी स्टेरॉइडचे थेंब दिले व पुन्हा दाखवण्यास सांगितले. पाच दिवसांत डोळे पांढरे झाले, तेव्हा पुन्हा दाखवण्याची गरज वाटली नाही. महिन्याभराने खाज परतली. रिकामी बाटली दुकानात दाखवून नवी आणली गेली. हाच क्रम तीन-चार वर्षे चालला. येथे डॉक्टरांचे निदान बरोबर होते, औषध योग्य होते, पालक दक्ष होते आणि मूल आनंदात होते. चुकले ते एवढेच की औषधाला मुदत होती, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. भारतातील नेत्ररुग्णालयांतून वासंतिक नेत्रदाहाच्या बालरुग्णांमध्ये स्टेरॉइडजन्य काचबिंदू व त्यामुळे आलेले अंधत्व यांची नोंद वारंवार झाली आहे. जो आजार वयात आल्यावर बहुधा आपोआप शमणारा, त्याच्यावरील औषधाने आयुष्यभराचे अंधत्व यावे, ही यातील खरी शोकांतिका होय.

येथे दोन गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. पहिला असा की, फ्लुओरोमिथोलोन व लोटेप्रेडनॉल ही 'सौम्य' स्टेरॉइड असल्याने ती निर्धोक आहेत. त्यांच्यामुळे दाब वाढण्याची शक्यता कमी असते, शून्य नसते. दुसरा गैरसमज प्रतिजैविकाच्या जोड-थेंबांबाबत आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल किंवा निओमायसिन यांच्यासोबत डेक्सामिथासोन अथवा बीटामिथासोन असलेले थेंब 'जंतुनाशक' समजून वापरले जातात. त्यांनी खाज थांबते ती त्यांतील स्टेरॉइडमुळे. म्हणून बाटलीवरील व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत दिलेली घटकद्रव्ये वाचावीत व वर दिलेल्या स्टेरॉइडांपैकी एखादे नाव दिसल्यास डॉक्टरांना विचारल्याविना ते थेंब घालू नयेत.

या विवेचनाचा अर्थ स्टेरॉइडची धास्ती घ्यावी असा मुळीच नाही. तीव्र दाहात भीतीपोटी ते टाळल्यास पारपटलावर व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. तसेच सांगितलेल्या क्रमाने मात्रा न घटवता औषध एकदम बंद केल्यास दाह उसळून येतो. योग्य मात्रा, ठरलेली मुदत आणि दाबाची तपासणी या तिन्ही गोष्टी सांभाळल्या, तर हेच औषध दृष्टिरक्षक ठरते.

चिठ्ठीचा अर्थ : कायदा आणि व्यवहार

भारतात औषधांची विक्री औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार चालते. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकावयाची औषधे नियमांच्या 'एच' अनुसूचीत दिलेली आहेत. त्वचेवर वा बाहेरून लावावयाच्या औषधांना त्या अनुसूचीच्या टिपेत सर्वसाधारण सवलत दिलेली असली, तरी डोळे, कान व नाक यांच्या औषधांना त्या सवलतीतून मुद्दाम वगळण्यात आले आहे. 'डोळ्यात घालायचे थेंब म्हणजे वरवरचे औषध' हा समज कायद्यालाही मान्य नाही, असा याचा अर्थ होतो.

नियम ६५ मधील आणखी एक तरतूद सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकापेक्षा अधिक वेळा देता येत नाही. म्हणजे मागील वर्षीची चिठ्ठी किंवा रिकामी बाटली हा नव्या बाटलीचा परवाना नव्हे. प्रत्यक्षात ही तरतूद पाळली जात नाही, याची कारणे समजण्याजोगी आहेत. नेत्रतज्ज्ञ तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तेथे जाण्यात रोजगार बुडतो, आणि पूर्वी लागू पडलेल्या बाटलीवर लोकांचा विश्वास असतो. तरीही स्टेरॉइडच्या बाबतीत फेरतपासणीचा हेतू डोळ्यातील दाब मोजणे हा असतो. ही तपासणी काही मिनिटांची व वेदनारहित असून ती घरी किंवा दुकानात होऊ शकत नाही. म्हणून चिठ्ठी घेताना रुग्णाने तीन प्रश्न आवर्जून विचारावेत : यात स्टेरॉइड आहे काय? ते किती दिवस घालायचे व कसे कमी करायचे? दाब तपासण्यासाठी पुन्हा केव्हा यायचे?

थेंब घालण्याची शास्त्रीय पद्धत :

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारणतः ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्याच्या खोबणीत तात्पुरता मावणारा द्रव त्याहून कमीच असतो. त्यामुळे एका वेळी दोन-तीन थेंब घालण्याने परिणाम वाढत नाही. जादा औषध गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात व घशात उतरते. पुढील क्रम पाळावा.

१) साबणाने हात धुवावेत. बाटलीवरील नाव, शक्ती व मुदत वाचावी. कानाचे थेंब डोळ्यात जाण्याचे प्रकार दिसायला सारख्या बाटल्यांमुळेच घडतात.
२) औषध गढूळ स्वरूपाचे असल्यास बाटली चांगली हलवावी. प्रेडनिसोलोन ॲसिटेटसारख्या थेंबांत औषध तळाशी बसते. न हलवल्यास कधी कमी तर कधी अधिक मात्रा मिळते.
३) मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी व तयार झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीस, पापणीच्या केसांस किंवा बोटास लागू देऊ नये.
४) डोळा अलगद मिटून नाकाकडील कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. त्यामुळे औषध डोळ्यातच राहते व शरीरात कमी उतरते. पापण्यांची उघडझाप करू नये.
५) दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मलम असल्यास ते शेवटी लावावे.
६) लहान मूल डोळे उघडत नसेल तर त्याला उताणे निजवून मिटल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात थेंब ठेवावा, मुलाने डोळा उघडताच औषध आत जाते.
७) कॉन्टॅक्ट लेन्स काढून थेंब घालावेत व पुन्हा लावण्यापूर्वी निदान १५ मिनिटे थांबावे. बहुतेक बाटल्यांतील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक मऊ लेन्समध्ये शोषले जाते. डोळे लाल असताना लेन्स न वापरणेच श्रेयस्कर.

बाटलीची निगा :

भारतीय नियमांनुसार डोळ्यांच्या थेंबांच्या वेष्टनावर, बाटली उघडल्यापासून एक महिन्याच्या आत औषध वापरावे, टोकास स्पर्श करू नये आणि जळजळ राहिल्यास वा वाढल्यास वापर थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशा सूचना छापणे अपेक्षित असते. छापील मुदत ही बंद बाटलीची असते, उघड्या बाटलीची नव्हे. म्हणून उघडल्याचा दिनांक बाटलीवर लिहून ठेवण्याची सवय लावावी. दूषित थेंब काय करू शकतात, याचा प्रत्यय २०२३ साली अमेरिकेत आला. भारतात तयार झालेल्या परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रूंशी संबंध जोडल्या गेलेल्या जिवाणू-संसर्गात तेथील १८ राज्यांतील ८१ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू ओढवला. ती त्रुटी कारखान्यातील होती. परंतु जे जंतू कारखान्यात शिरू शकतात, ते घरातही उघड्या टोकावाटे शिरू शकतात. त्यामुळे एकाची बाटली दुसऱ्याने वापरणे कटाक्षाने टाळावे.

बाटल्यांची मोजदाद हीदेखील एक उपयुक्त तपासणी आहे. पाच मिलिलिटरच्या बाटलीत स्थूलमानाने १०० ते १५० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चारदा घातल्यास रोज आठ थेंब लागतात, म्हणजे एक बाटली सुमारे दोन ते अडीच आठवडे पुरते. वर्षभरात मुलाच्या स्टेरॉइडच्या किती बाटल्या संपल्या हे पालकांनी आठवून पाहिले, तर वापर किती लांबला याचा अंदाज त्यांचा त्यांनाच येईल.

धोक्याची लक्षणे :

पुढीलपैकी काहीही आढळल्यास ॲलर्जी समजून थांबू नये, त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे जावे : डोळ्यात तीव्र वेदना, नजर अंधुक होणे, प्रकाशाकडे अजिबात पाहता न येणे, बुबुळावर पांढरा ठिपका, केवळ एकाच डोळ्याची वाढती लाली, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणे. शेवटचे लक्षण डोळे सतत चोळण्याशी निगडित असू शकते. चोळण्याने पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार वासंतिक नेत्रदाहाच्या मुलांमध्ये अधिक आढळतो.

औषधाची गरज कमी करणारे उपाय :

ॲलर्जीच्या कारणापासून जितके दूर राहता येईल, तितके औषध कमी लागते. थंड पाण्याच्या घड्या मिटल्या डोळ्यांवर ठेवल्याने खाज शमते. बाहेरून आल्यावर चेहरा धुणे, दुचाकीवर डोळे झाकणारा चष्मा वापरणे, उशीचे अभ्रे व चादरी गरम पाण्यात धुणे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे या गोष्टी साध्या पण परिणामकारक आहेत. १९५० च्या दशकात पुणे परिसरात आढळून आलेले व नंतर देशभर फोफावलेले गाजर गवत हेही ॲलर्जीस कारणीभूत ठरते. घराभोवतालचे हे गवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. मध, गुलाबपाणी, तुरटीचे पाणी, कांद्याचा रस, काजळ हे घरगुती उपाय निर्जंतुक नसल्याने डोळ्यात घालू नयेत.

काही सूचना :

१) डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या चिठ्ठीवर औषध बंद करण्याचा दिनांक मराठीत ठळक लिहावा.
२) औषधविक्रेत्यांनी जुन्या बाटलीवर स्टेरॉइड न देता रुग्णास तपासणीसाठी पाठवावे.
३) शाळांमधील नेत्रतपासणीत भर मुख्यतः चष्म्याच्या क्रमांकावर असतो. त्या वेळी 'डोळ्यात कोणते थेंब घालतोस व केव्हापासून?' हा एक प्रश्न शिक्षकांनी विचारला, तर दाब तपासण्याची गरज असलेली मुले वेळीच लक्षात येतील.
४) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून थेंब घालण्याच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवावे.

समारोप :

नेत्र-ॲलर्जी हा बहुतांशी आटोक्यात ठेवता येण्याजोगा विकार आहे व त्यासाठी आज सुरक्षित औषधेही उपलब्ध आहेत. धोका निर्माण होतो तो सर्व थेंबांना एकच समजण्यातून आणि लाली गेली म्हणजे डोळा सुरक्षित आहे असे मानण्यातून. डॉक्टरांची चिठ्ठी ही औषध मिळवण्याची केवळ परवानगी नाही. औषध कोणते, किती दिवस आणि पुढील तपासणी केव्हा, हे सांगणारा तो करार आहे. त्यातील शेवटचे कलम, म्हणजे फेरतपासणी, पाळले जाते तेव्हाच पहिली दोन कलमे सार्थ होतात. ज्या घरात लहान मुलाच्या डोळ्यात महिनोन्महिने थेंब घातले जात आहेत, त्या घराने बाटलीवरील घटकद्रव्ये आजच वाचावीत, आणि त्यांत स्टेरॉइड आढळल्यास औषध परस्पर बंद न करता मुलाच्या डोळ्यातील दाब येत्या काही दिवसांत तपासून घ्यावा.